संहिता कार्यशाळेची चाचपणी : ब्रह्मपुरी-वडसा, मार्च ते जून २०२५

१७ मार्च २०२५, सोमवार

शुक्रवारी धुळवड झाली आणि झाडीपट्टीचा सीझन संपला. आज कामानं वडशाला गेलो तर नाटक कंपन्यांच्या ऑफिसांची निम्मी शटरं खाली. भाऊबीजेपासून या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. गावोगावची मंडळी तारीख बांधायला येतात, कोणाला शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या रात्री नाटक हवं असतं, कोणाला मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला. आता भिंतीवर उन्हानं विटलेली पोस्टरं तेवढी राहिलीत.

ही वही पुढे नागपूरच्या एका मित्राला दाखवायची आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळी ते होळी रात्रभर नाटकं चालतात. तीन अंक, गाणी, लावणी, विनोदी जोडी, सगळं त्यात. रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो आणि लोक पहाटे घरी जातात. गाव कंपनीला सुपारी देतं आणि तिकिटं गावच विकतं. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांनी आमच्याकडे मान वळवून पाहिलं. पण ते नटाचं झालं. लेखकाकडे अजून कोणी पाहिलेलं नाही.

या सीझनला माझ्या दुकानात ९ संहिता टायपिंगला आल्या. ९ नाटकं, लेखक ५. पाचांतला सगळ्यात तरुण ५२ वर्षांचा. महिना झाला, हा आकडा डोक्यातून जात नाही.

मी ११ सीझन प्रॉम्प्टर होतो. रंगमंचाच्या काठाशी बसून, हातात वही धरून, रात्रभर नटांना वाक्यं पुरवायची. आमच्याकडे तालमी फार होत नाहीत, कलाकार कधी नागपूरचे, कधी पुण्या-मुंबईचे, आज या गावी उद्या त्या गावी. त्यामुळे नाटक उभं राहतं ते वही आणि प्रॉम्प्टर या दोघांवर. घसा गेल्यावर ते काम सोडलं आणि ब्रह्मपुरीत टायपिंगचं दुकान टाकलं. म्हणजे संहिता आधी तोंडातून गेली, आता बोटांतून जाते.

नव्या लिहिणाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायची इच्छा आहे. पण हॉल आणि बॅनरच्या आधी एवढंच शोधायचं की लिहायचं कोणाला आहे. तीन महिने त्यालाच द्यायचे ठरवलं.

२३ मार्च, रविवार

लाखांदूरकडच्या एका ज्येष्ठ लेखकांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या कितीतरी वह्या मी प्रॉम्प्ट केल्यात. अंगणात बसलो, चहा झाला. कार्यशाळेचं सांगितलं तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, लिहिनं शिकवून येते का? मले कोनी शिकवलं?"

मी म्हटलं, काका, तुम्ही तरुणपणी कोणाच्या तरी वह्या उतरवून दिल्याच असतील. ते म्हणाले, "हो, तीन वर्स उतरवल्या." तेच शिकणं झालं, असं माझं मत. हाताखाली राहून वह्या उतरवणं आता संपलं, कारण झेरॉक्स आली, आणि माझ्यासारखे टाइप करणारे आले. त्या वाटेनं लेखक तयार व्हायचे. ती वाट बंद करण्यात माझ्याही दुकानाचा हात आहे, तेव्हा दुसरी वाट काढून देणं माझ्याकडे लागतं.

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. नव्या पोरांनी नाटक लिहिलं तरी ते दाखवायला भितात. कथा सांगितली की दुसऱ्या सीझनला तीच कथा नाव बदलून कुठंतरी दिसते. "एकदा वही दिली का लेक सासरी गेली." हे लिहून ठेवतो. शिकवण्याच्या विषयांत हा नव्हता, आता घालायला लागेल.

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा. आठ दिवसांपूर्वी व्हॉट्सॲपच्या सहा ग्रुपांवर एक साधी विचारणा टाकली होती. संहितालेखनाची कार्यशाळा घेतली तर याल का, नाव, गाव, मोबाइल कळवा. आजवर ६४ नावं आली. आरमोरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, कुरखेडा, पवनी, अर्जुनी मोरगाव. साकोलीहून एकदम पाच. मुली १४.

संध्याकाळी दुकान बंद करून यादी पुन्हा पुन्हा वाचली. खूप बरं वाटलं.

६ एप्रिल, रविवार

आठवडाभर रोज रात्री फोन केले. ६४ पैकी ५१ जणांशी बोलणं झालं. आनंद थोडा उतरला, पण माहिती चांगली हाती आली.

१८ जणांना नट व्हायचंय. लिहिण्याच्या वर्गाला आलं तर कंपनीत ओळख होईल अशी त्यांची समजूत. त्यांना मी स्पष्ट सांगितलं की तसं होणार नाही. १६ जणांना यूट्यूबसाठी छोट्या फिल्मा करायच्या आहेत, त्यातल्या काहींनी केल्याही आहेत. ७ जणांना प्रमाणपत्र मिळेल का एवढंच विचारायचं होतं. उरलेल्या दहांत दोघं-तिघं नुसते कौतुकानं आलेले.

मग प्रत्येकाला एक प्रश्न विचारायला लागलो, शेवटचं काय लिहिलंत? बहुतेक जण थबकले. "मनात आहे", "कथा पूर्ण तयार आहे, फक्त कागदावर आणायची", "वेळ भेटला की". पण सहा जणांनी लगेच सांगितलं, अमुक पान लिहिलंय, तमुक ठिकाणी अडलोय. आरमोरीचा एक मुलगा तर फोनवरच म्हणाला, "सर, दुसऱ्या अंकात नायकाची माय मरते, मग तिसऱ्या अंकात माज्यापाशी बोलाले कोनीच उरत नाही. काय करू?" त्याच्याशी ४० मिनिटं बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, कार्यशाळा आजच सुरू झाली.

माझा प्रश्नच चुकला होता. "याल का" म्हटल्यावर माणूस हो म्हणतोच. आपल्याकडे कार्यक्रमाला येत नाही असं तोंडावर सांगायची रीत नाही. हौस किती हे माणसाच्या हो-नाहीवरून कळायचं नाही, कागदावरून कळेल.

१३ एप्रिल, रविवार

सिंदेवाहीच्या एका मॅडमनी त्यांच्या ओळखीची एक मुलगी पाठवली होती. बी.ए.ला आहे. चुरगळलेली दोनशे पानी वही. तिच्या एकांकिकेत आजी, आई आणि घरी परतलेला मुलगा. आजी आमच्या भागाच्या झाडीबोलीत बोलते, आई मधल्या भाषेत, मुलगा पुस्तकी. "डोरा लाल दिसते, दादा. पानी देऊ?" असं आजीचं पहिलं वाक्य. वहीत कोणीतरी लाल शाईनं डोराचं डोळा केलंय, पानीचं पाणी केलंय, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. कोणी केलं ते मी विचारलं नाही.

तिला म्हटलं, हे सगळं परत पहिल्यासारखं कर. ळ चा र आणि ण चा न ही आपल्या बोलीची चाल आहे, ती चूक नव्हे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचलं ते याचकरता. आणि तिच्या नाटकात तर बोलीच गोष्ट सांगते, तीन पिढ्या एका घरात तीन तऱ्हेनं बोलतात. ती लाल शाई मान्य केली तर आजी, आई, मुलगा एकाच तोंडानं बोलायला लागतील आणि नाटक तिथंच संपेल.

तिनं विचारलं, पण कंपनीत बोली चालते का? खरं उत्तर द्यावं लागलं. आमच्या नाटकांत बोली बहुधा विनोदी पात्राच्या वाट्याला येते. नायक-नायिका प्रमाण मराठीत रडतात. गावातली बाई ज्या भाषेत रडते त्या भाषेत रंगमंचावर कोणी रडत नाही, याचं मला प्रॉम्प्टर असतानाही वाईट वाटायचं. कार्यशाळेत एक अख्खा तास बोलीसाठी ठेवायचा. तिथं व्याख्यान नको, पानं वाचायची.

२० एप्रिल, रविवार

नवी विचारणा पाठवली. आधीच्या ६४ जणांना, शिवाय दुकानाच्या दारावर चिकटवली.

यायचं असेल तर दोन पानं लिहून पाठवा. हातानं लिहिली तरी चालेल, मोबाइलवर बोलून लिहिली तरी चालेल. प्रसंग सगळ्यांना एकच. रात्री दहाला भाऊ बहिणीच्या घरी येतो. पिशवीत सातबारा आणि हक्कसोडपत्राचा कागद आहे. तो कशासाठी आलाय ते दोघांनाही ठाऊक आहे. ते बोलून दाखवायचं नाही. बाकी सगळं तुमचं. मुदत १५ मे.

हा प्रसंग मुद्दाम निवडला. आमच्या भागात असं घर सापडणार नाही जिथं बहिणीच्या सहीची गोष्ट झाली नाही. माहिती कोणाकडे कमी पडणार नाही. मग कोणाला लिहिता येतं एवढंच उरतं.

एकानं लगेच फोन करून नाराजी सांगितली, आधीच परीक्षा घेता का म्हणून. त्याला म्हटलं, नापास कोणालाच करणार नाही. वाईट लिहिलेली दोन पानं घेऊन आला तरी खुर्ची पक्की. कोरा कागद घेऊन आला तर मात्र त्याच्याशी बोलायला माझ्याजवळ काही नाही.

२७ एप्रिल, रविवार

दुपारी बाहेर पडणं मुश्कील. उन्हाळ्यात ब्रह्मपुरीचं नाव राज्यातल्या सर्वांत तप्त गावांत छापून येतं, ते उगीच नाही. दोन हॉल पाहिले. एकात कूलर आहे पण मोठा आवाज करतो, संवाद वाचून दाखवायचे तर उपयोग नाही. दुसरा एका समाजभवनाचा, जाड भिंती, वर कौलं, खिडक्या समोरासमोर. तोच बरा.

मे महिन्यात घ्यायची ही माझी कल्पना मात्र बाद. कुरखेड्याच्या मुलानं सांगितलं, मे मध्ये घरचे सगळे तेंदूपत्त्याला जातात, पहाटे निघायचं आणि दुपारी पुडे बांधायचे. वर्षाचा रोख पैसा त्यातच. त्याला मी कार्यशाळेला ये म्हणणं बरोबर नाही.

२ मे, शुक्रवार

एक पान आलं! कोण आहे माहीत नाही, दाराखालून सरकवून गेला. नाव नाही, गाव नाही.

४ मे, रविवार

नागपूरहून गावी आलेल्या एका वकील मित्राला गाठून दोन तास घेतले. लाखांदूरच्या काकांनी सांगितलेली "लेक सासरी गेली" गोष्ट त्याच्यापुढे ठेवली. जे कळलं ते कार्यशाळेत जसंच्या तसं सांगायचं, म्हणून उतरवतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नाटक कागदावर उतरलं त्या क्षणी हक्क लेखकाचा. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, केली तर पुरावा पक्का होतो. हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मागे ६० वर्षं. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो, तोंडी बोलणं किंवा वही हातात देणं म्हणजे हक्क देणं नव्हे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतं धरतात. आणि सर्वांत महत्त्वाचं, नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो. "भाऊ-बहिणीच्या जमिनीची गोष्ट" ही कोणाचीच नाही. त्यावर तुम्ही लिहिलेले प्रवेश, संवाद, गाणी ती तुमची.

यातलं शेवटचं वाक्य मी स्वतः वर्षानुवर्षं उलटं समजत होतो. कथा सांगितली की चोरी होईल या भीतीनं पोरं कथा लपवतात आणि लिहीतही नाहीत. कायदा सांगतो, लिहा म्हणजेच ती तुमची होईल.

एका पानाचा नमुना करार मराठीत करून द्यायला मित्र तयार झाला. नाटकाचं नाव, किती सीझनसाठी, किती कंपन्यांना, मानधन केव्हा, पोस्टरवर लेखकाचं नाव. एवढं असलं तरी आजच्यापेक्षा खूप झालं. शिवाय प्रयोगासाठी संहिता मुंबईला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, तेव्हा त्या प्रतीवर लेखकाचं नाव नीट असलं पाहिजे, हेही सांगायचं.

१८ मे, रविवार

मुदत गुरुवारी संपली. १९ जणांची पानं आली. नाव नसलेलं ते एक पान धरून २०. ६४ मधले १३, बाकी नवीनच. नट व्हायचं म्हणणाऱ्या अठरांपैकी चौघांनी लिहिलंय, आणि त्यातल्या एकाचं खरोखर चांगलं आहे.

आज दिवसभर दुकान बंद ठेवून सगळी पानं मोठ्यानं वाचली. मला संहिता डोळ्यांनी वाचता येत नाही, प्रॉम्प्टरची सवय आहे, तोंडातून गेल्याशिवाय कळत नाही.

बहुतेकांची एकच अडचण. नागभीडच्या मुलाच्या पानावरचं हे वाक्य घेतो, कारण त्यात जीव आहे आणि तरी ते रंगमंचावर पडेल.

"अगं ताई, ज्या बापानं तुझ्या आणि माझ्या शिक्षणासाठी आपल्या आयुष्याची राखरांगोळी करून ही दोन एकराची बांधी वाचवली त्या बापाच्या जमिनीवर सही मागायला मी आलोय असं तुला वाटत असेल तर तू तुझ्या भावाला ओळखलंच नाहीस."

३४ शब्द. प्रॉम्प्टर पहिले तीन-चार शब्द देतो, नट ते उचलतो, तो बोलत असताना पुढचे तीन-चार द्यायचे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. या वाक्यात "ओळखलंच नाहीस" येईपर्यंत नटाला कळतच नाही की भाऊ रागावलाय की दुखावलाय. तो बिचारा "राखरांगोळी"वर गळा काढतो, कारण शब्दच तसा आहे, आणि शेवटाला पोचेपर्यंत दम संपलेला. मागच्या ओळीतल्या माणसाला फक्त ओरडणं ऐकू जातं.

त्याच मजकुराची मी अशी मांडणी करून पाहिली.

"ताई, ही बांधी बापानं वाचवली. कशी वाचवली, तुला माहीत आहे. त्या बांधीवर सही मागायला आलो मी? तू भावाला ओळखलं नाहीस."

राखरांगोळी गेली. मुलाला ती जाणं आवडणार नाही. पण "कशी वाचवली, तुला माहीत आहे" म्हटल्यावर समोरचे हजार लोक आपापला बाप आठवतात, तेवढा वेळ नटाला दम घ्यायला मिळतो आणि पुढचं वाक्य पेटीवाल्यालाही ऐकू येतं. शिवाय या प्रसंगात सहीचं नावच काढायचं नव्हतं! ते त्याला वेगळं सांगायचं.

आणि मग ती दोन पानं. अर्जुनी मोरगावच्या एक ताई, बचतगटाच्या कामात असतात, आजवर गटासाठी पथनाट्य लिहिलंय म्हणे. भाऊ येतो, पाणी पितो. सातबाऱ्याचा शब्द काढत नाही. धानाला भाव काय मिळाला, सकाळची बस किती वाजता, मामाचा गुडघा कसा आहे. बहीण सुपात तांदूळ घेऊन खडे वेचतेय. ताईंनी कंसात लिहिलंय, "एक खडा बाजूला ठेवते." मग भावाची दोन वाक्यं. पुन्हा, "एक खडा बाजूला ठेवते." असे पाच खडे. दुसऱ्या पानाच्या तळाशी बहीण मान वर न करता विचारते, "पेन आणला का?"

एवढंच. वाचून झाल्यावर मी थोडा वेळ दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. प्रॉम्प्टर म्हणून किती रात्री, किती पानं वाचून काढली, पण असा शेवट माझ्या हाताखालून गेला नव्हता.

त्यांना फोन केला. म्हणाल्या, "दादा, बरोबर आहे का? मी तर कमीच लिहिलं, मले वाटलं रागवाल." त्यांना म्हटलं, ताई, तुम्ही यायलाच पाहिजे. त्या म्हणाल्या, यायचं तर आहे, पण वेळ काय? संध्याकाळी उशीर झाला की परतायला गाडी नाही.

१९ मे, सोमवार

वेळ ठरली, सकाळी ११ ते ४. रात्रीचं काही नाही. २० पानं पाठवणाऱ्यांत ६ बाया-मुली आहेत आणि सगळ्यांचं म्हणणं तेच.

२५ मे, रविवार

छोट्या फिल्मांवाल्या पोरांशी बोलायला आरमोरीला गेलो. त्यांचं काम पाहिलं, मोबाइलवर. कॅमेरा चांगला, आवाज बरा, पण पटकथा म्हणून काही नाही, जागेवर ठरवतात. त्यांनी मला आग्रह केला की त्यांचाही विषय घ्या.

मी विचार करून नाही म्हटलं. रंगमंचावर पात्र आत-बाहेर करायला वेळ लागतो, साडी बदलायला वेळ लागतो. तिसऱ्या प्रवेशाच्या शेवटी रंगमंचावर असलेली नटी चौथ्याच्या सुरुवातीला दुसऱ्या वेशात उभी करता येत नाही, म्हणून मध्ये विनोदी जोडीचा प्रवेश घालतात. हे गणित फिल्ममध्ये लागतच नाही, तिथं कट मारला की झालं. तिथं दिसणारी गोष्ट लिहायची असते, इथं मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाणारी. दोन्ही एका वर्गात कोंबले तर धड काहीच होणार नाही. त्यांच्यासाठी दिवाळीच्या आधी वेगळा रविवार, आणि शिकवायला ते काम करणारा माणूस आणायचा. मला ते येत नाही.

पोरं जराशी हिरमुसली. पण दोघांनी भाऊ-बहिणीची पानं पाठवली होतीच, ते येणार.

१ जून, रविवार

नमुना म्हणून एक दुपार घेतली. दुकानातच, सात जण मावले. माझ्या जुन्या कंपनीतला एक नट, आता शेती करतो, त्याला बोलावलं. पद्धत अशी, लिहिणाऱ्यानं आपलं पान मला द्यायचं, मी प्रॉम्प्ट करणार, नट उभा राहून उचलणार. लेखकानं काही बोलायचं नाही, फक्त ऐकायचं.

नागभीडच्या मुलाचं ते ३४ शब्दांचं वाक्य आलं. मी बदललेलं पान बाहेर काढलंच नाही, त्याचंच दिलं. नट तीनदा अडला. चौथ्यांदा त्यानं स्वतःहून मधले शब्द गाळले आणि वाक्य पोचवलं. मुलानं खिशातून पेन काढून गाळलेले शब्द खोडले. राखरांगोळी पण खोडली. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

मला जे शिकवायचंय ते याच रीतीनं शिकवायचं हे आज नक्की झालं. फळ्यावर लिहून देण्यासारखं थोडं आहे. पानावर क्रमांक घालाच. एकदा पौषात वाऱ्यानं वहीची पानं उडाली, क्रमांक नव्हते, दुसरा अंक आम्ही अंदाजानं पुढे नेला आणि एक अख्खा प्रवेश त्या गावानं पाहिलाच नाही. त्या लेखकाचा पडलेला चेहरा अजून डोळ्यापुढे आहे. पात्राचं नाव डाव्या बाजूला, संवाद उजवीकडे, कंसातली सूचना दुसऱ्या शाईनं. टाइप करायचं तर युनिकोडमध्ये, कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर वाचता येत नाही. हे सगळं अर्ध्या तासात संपेल. बाकी वेळ पान आणि नट.

८ जून, रविवार

मृग लागला. आभाळ कोरडंच.

तारखांसाठी सगळ्यांना फोन केले. यावेळी मी तारीख न सांगता विचारलं, तुमच्या घरी मोकळं कधी असतं? जवळपास सगळ्यांकडून एकच उत्तर आलं. पऱ्हे टाकले, म्हणजे धानाची रोपं पेरली, की रोवणीपर्यंत जो खंड मिळतो तो. म्हणजे जूनचा शेवट ते जुलैची सुरुवात. हे मला आधीच सुचायला हवं होतं, धानाच्या पट्ट्यात राहून मी कॅलेंडर शाळेच्या सुट्ट्यांचं पाहत बसलो.

ठरलं, २८ आणि २९ जून, मग ५ जुलै. ६ जुलैला आषाढी एकादशी आहे, त्या दिवशी नाही. मधल्या पाच दिवसांत प्रत्येकानं एक पूर्ण प्रवेश लिहायचा. गावांनी तारखा बांधायला यायच्या आत कंपनीला नाटकाचं नाव ठरवावं लागतं. पोळ्यापर्यंत संहिता पुरी झाली तर कोणीतरी ती याच सीझनला वाचून तरी पाहील. दोन कंपनी मालकांशी बोललो. एकानं पहिलं वाचन ऐकायला यायचं कबूल केलं. दुसऱ्यानं "पाहू" म्हटलं.

शुल्क ३०० रुपये, चहा, जेवण, झेरॉक्स धरून. ज्याला जमत नाही त्यानं मला एकट्यात सांगायचं.

१४ जून, शनिवार

यादी झाली. पानं पाठवणारे २०, त्यातला एक अजून बेनाव. तिघांना येता येत नाही, एकाची परीक्षा, एक कामाला हैदराबादला गेला, एकीच्या घरी लग्न. उरले १६. समाजभवनाला आगाऊ रक्कम दिली, पावती घेतली.

सिंदेवाहीच्या मुलीनं वही परत आणली. नवीन वही आहे, जुनी उतरवून काढली. डोरा परत डोरा झालाय.

१५ जून, रविवार

दुपारी पहिला पाऊस. दुकानात एकटाच होतो. लाखांदूरचे काका मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून आले, धोतर भिजलेलं. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. भाऊ-बहिणीचा प्रसंग. वर कोपऱ्यात १, २ असे आकडे, पात्रांची नावं डावीकडे, सूचना लाल शाईत, सगळं जिथल्या तिथं.

म्हणाले, "तू दारावर लावलं होतं ना, मुदत सरली म्हने. घेशील का?"

मी म्हटलं, काका, तुम्ही शिकवायला या. माझ्या शेजारी खुर्ची मांडतो.

"शिकवाचं नाही मले. माज्या वाक्यात तो नट कुटं अडते, ते आयकाचं आहे. आजवर मी घरी झोपलो रायचो, नाटक तुमी करत रायचे."

मी वही उघडली. वर दोन याद्या होत्या, मार्गदर्शक आणि लिहिणारे. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही वाचल्या आणि दुसऱ्या यादीखाली बोट ठेवलं. तिथं सतरावं नाव लिहिलं.